पहिले सोळा तास खानदेशातच हवेत

करोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘आयएल-सिक्स’ हा आकडा खानदेशातल्या घराघरात पोचला. सीटी स्कोअर, डी-डायमर आणि आयएल-सिक्स, असे तीन आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर एका भावाकडून दुसऱ्या भावाकडे जायचे. ‘सायटोकाइन’ हा शब्द बहुतेकांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, तोही मागे ‘स्टॉर्म’ लावूनच. सायटोकाइन म्हणजे रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना इशारा द्यायला सोडतात ते प्रथिन; आयएल-सिक्स त्यातलंच एक. पण ती तपासणी रक्तात त्या घडीला किती प्रथिन तरंगतंय एवढंच सांगते. विहिरीत दोर सोडून किती परस पाणी आहे ते पाहणं वेगळं आणि मोटर लावून उपसा केल्यावर झरा किती वेगाने भरतो ते पाहणं वेगळं. प्रयोगशाळेत झरा पाहायचा तर पांढऱ्या पेशीला डिवचावं लागतं, मग ती सायटोकाइन बनवते का आणि किती बनवते हे मोजावं लागतं. त्यासाठी पेशी जिवंत आणि धडधाकट लागते. सगळी अडचण या एका अटीतून सुरू होते, आणि जिल्ह्याच्या तपासण्या मोठ्या शहरातल्या लॅबला देऊन टाकताना नेमकी हीच अट कागदावरून सुटते.

आपल्याकडे या प्रकारातली रोजच्या वापरातली तपासणी एकच: ‘टीबी गोल्ड’. पुस्तकी नाव ‘इंटरफेरॉन-गॅमा रिलीज अॅसे’, म्हणजे इग्रा. क्षयाच्या जंतूशी शरीराची आधी गाठ पडली असेल तर टी-पेशींना, म्हणजे पांढऱ्या पेशींच्याच एका प्रकाराला, त्याची आठवण असते. जंतूच्या प्रथिनांचे तुकडे समोर आले की त्या इंटरफेरॉन-गॅमा हे सायटोकाइन सोडतात. ते मोजायचं. ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही त्यासाठी निवडलेली प्रथिनं बीसीजीच्या लशीत नाहीत, त्यामुळे लहानपणीच्या लशीमुळे निकाल फसत नाही. मांटूची सुई, म्हणजे हाताच्या कातडीत टोचून गाठ पाहायची जुनी तपासणी, तशी फसू शकते.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत ही तपासणी सरकारी खर्चाने व्हावी का, यावर बोलणं होतं ते ‘प्रति तपासणी दर किती’ या अंगाने. तो प्रश्न दुय्यम आहे. मुद्दा असा की या तपासणीचा जीव मुंबई-पुण्याच्या महागड्या यंत्रात नसून रक्त काढल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत आहे. ते तास इथेच, धडगाव-अक्कलकुवा-चोपडा-रावेरच्या पातळीवर सांभाळले गेले तर पुढचं काम कुठेही करता येतं. ते बिघडले तर पुढची कितीही भारी लॅब ते दुरुस्त करू शकत नाही.

नळीजवळ जाऊन पाहू. टीबी गोल्डच्या क्वांटिफेरॉन प्लस या संचात माणशी चार नळ्या असतात. करड्या बुचाची ‘निल’, तिच्यात काहीच डिवचणारं नाही. हिरवी टीबी-१ आणि पिवळी टीबी-२, यांच्या आतल्या भिंतीवर क्षयाच्या प्रथिनांचे तुकडे वाळवून चिकटवलेले. जांभळी ‘मायटोजेन’, तिच्यातला पदार्थ जवळपास सगळ्याच टी-पेशींना खडबडून जागा करतो. प्रत्येकीत १ मिलिलिटर रक्त हवं, ०.८ ते १.२ चालतं आणि तेवढी काळी खूण नळीवर असते. रक्त हळू चढतं, म्हणून धार थांबल्यावरही नळी दोन-तीन सेकंद सुईवर राहू द्यायची. बटरफ्लाय सुई वापरली तर तिच्या नळकांड्यातली हवा पहिल्या नळीत जाते आणि रक्त कमी भरतं, म्हणून आधी एक फालतू नळी लावून टाकायची. मग प्रत्येक नळी दहा वेळा हलवायची, इतपत की आतली सगळी भिंत रक्ताने माखेल. कमी हलवली तर प्रथिनं भिंतीवरच राहतात. सरबत ढवळल्यासारखी जोरात हलवली तर तळाचं जेल फुटतं आणि आकडे वेडेवाकडे येतात. लगेच इन्क्युबेटरमध्ये ठेवणार नसाल तर ठेवायच्या क्षणी पुन्हा दहा वेळा.

आणखी एक बारीक गोष्ट. मायटोजेनचं बूच जांभळं, सीबीसीच्या ईडीटीए बल्बचंही जांभळं. घाईच्या ओपीडीत ही अदलाबदल अवघड नाही. ईडीटीए रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं आणि कॅल्शियमशिवाय टी-पेशी पेटत नाही. त्या बल्बातलं रक्त पेशी मोजायला उत्तम, पण पेशीला काम सांगायला निरुपयोगी.

आता घड्याळ. रक्त काढल्यापासून १६ तासांच्या आत या नळ्या ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये उभ्या ठेवल्या पाहिजेत आणि तिथे १६ ते २४ तास राहिल्या पाहिजेत. फरक एक अंश इकडे किंवा तिकडे, त्याहून जास्त चालत नाही. तोवर नळ्या खोलीच्या तापमानाला ठेवाव्यात असं पत्रकावर छापलेलं असतं. ही ‘खोली’ १७ ते २५ अंशांची आहे. मे महिन्यातली भुसावळची खोली त्या पत्रकाला माहीत नाही. बाहेर ४४-४५ अंश असताना मोटरसायकलच्या डिकीत दोन तास गेलेल्या नळीचं पुढे काय होईल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

मग फ्रिजमध्ये ठेवू, असं लगेच मनात येतं. केळीच्या मुलखात हे समजावणं सोपं जावं. रावेर-सावद्याच्या कोणत्याही व्यापाऱ्याला विचारा, केळी १३ अंशांच्या खाली गेली की साल काळवंडते आणि नंतर ती नीट पिकतही नाही. गार म्हणजे सुरक्षित, हा नियम तिथे नाही आणि इथेही नाही. या चार नळ्यांत भरलेलं रक्त इन्क्युबेटरआधी फ्रिजमध्ये ठेवायचं नसतं.

एक पळवाट आहे आणि ती लपवायला नको. रक्त आधी लिथियम हेपरिनच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या, मोठ्या बल्बात घेतलं, तीन तासांच्या आत २ ते ८ अंशांत ठेवलं, तर तिथे ४८ तासांपर्यंत ते टिकतं. त्यानंतर ते पुन्हा खोलीच्या तापमानाला आणून चार नळ्यांत प्रत्येकी एक मिलिलिटरच्या मापाने भरायचं. जळगाव शहरातून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायची तर हे जमू शकतं. चांदसैलीचा घाट उतरून आधी तळोदा, मग नंदुरबार, मग कुरिअरचा डबा, मग तिकडच्या लॅबची सकाळची पाळी, अशा प्रवासात ४८ तास कसे सरतात ते कळतही नाही. शिवाय मोलगीहून निघालेला बर्फाचा डबा वाटेत २ ते ८ अंशांतच राहिला याची नोंद कोण ठेवणार? लशीच्या डब्यासाठी हे आपण शिकलो आहोत. रक्ताच्या डब्यासाठी अजून नाही.

उशीर झाला तर तपासणी बाद ठरेल, पुन्हा रक्त घेऊ, असा एक दिलासा दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. मायटोजेनच्या नळीत इंटरफेरॉन निलपेक्षा ०.५ युनिटहून कमी वाढलं आणि टीबीच्या नळ्याही गप्प राहिल्या, तर निकाल ‘अनिश्चित’ येतो. ही झाली कळणारी चूक. न कळणारी चूक वेगळीच आहे. मायटोजेन हा मोठा ढोल आहे, अर्धमेली पेशीही त्याला साद देते. टीबीचे तुकडे म्हणजे कानातली कुजबुज, ती ऐकणाऱ्या पेशी मुळात थोड्या. रक्त शिळं झालं की आधी कुजबुजीचा प्रतिसाद जातो, ढोलाचा नंतर. म्हणजे मायटोजेन ‘पास’, टीबी-१ आणि टीबी-२ मात्र ०.३५ युनिटच्या खाली, आणि रिपोर्टवर स्वच्छ अक्षरात ‘निगेटिव्ह’. घरात थुंकी-पॉझिटिव्ह रुग्ण, शेजारी झोपणारी बारा वर्षांची मुलगी, आणि तिच्या हातात हा कागद. उशिराची खरी किंमत ही आहे आणि ती कुठल्याही लॅबच्या बिलात दिसत नाही.

गंमत म्हणजे घाई फक्त सुरुवातीला आहे. इन्क्युबेटरमधून बाहेर आलेल्या नळ्या ४ ते २७ अंशांत तीन दिवस थांबतात. सेंट्रिफ्यूजमध्ये २,००० ते ३,००० जी-बलाने १५ मिनिटं फिरवल्या की जेलचा थर मधे येतो, पेशी खाली, प्लाझ्मा वर. तो प्लाझ्मा २ ते ८ अंशांत २८ दिवस टिकतो. पेशीचं काम तेव्हा संपलेलं असतं. आता उरतं ते प्रथिन, आणि प्रथिनाला प्रवास मानवतो.

म्हणून काम तीन ठिकाणी वाटून टाका. ग्रामीण रुग्णालयात फक्त एक छोटा, साधा, कार्बन डायऑक्साइड न लागणारा इन्क्युबेटर. बॅक्टेरिया वाढवायला वापरतात तसला, साध्या दुचाकीहून स्वस्त. सेंट्रिफ्यूज तिथे असेल तर तिथेच, नाहीतर तालुक्याला. आणि एलायझा, म्हणजे प्लाझ्मातलं इंटरफेरॉन रंगावरून मोजायची पद्धत, धुळ्याच्या किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, आठवड्यातून एकदा. ९६ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये ८ खड्डे प्रमाणद्रावणाला जातात, उरलेल्या ८८ मध्ये चारच्या हिशेबाने २२ माणसं बसतात. धडगावला रोज २२ जण मिळणार नाहीत, पण तिन्ही जिल्ह्यांतून आठवड्याला दोन-तीन प्लेटा सहज भरतील. एलायझा रीडर आणि वॉशर ही काही दुर्मीळ यंत्रं नव्हेत, एचआयव्ही आणि काविळीच्या तपासणीसाठी रक्तपेढ्यांत ती वर्षानुवर्षं चालतात.

एलायझात चूक होतच नाही असं नाही. खड्ड्यात ५० मायक्रोलिटर कॉन्जुगेट (एन्झाइम जोडलेलं प्रतिपिंड), ५० मायक्रोलिटर प्लाझ्मा, दोन तास, मग निदान सहा धुण्या, मग १०० मायक्रोलिटर सबस्ट्रेट (त्या एन्झाइममुळे रंगणारं द्रावण), ३० मिनिटं अंधारात, ५० मायक्रोलिटर स्टॉप द्रावण आणि पाच मिनिटांच्या आत ४५० नॅनोमीटरवर वाचन. धुणं आखडतं घेतलं की सगळी प्लेट पिवळसर दिसते. एसी बंद पडलेल्या ३८ अंशांच्या लॅबमध्ये रंग भराभर चढतो. सगळ्याच खड्ड्यांत चढतो म्हणून प्रमाणरेषा वरवर ठीक वाटते, पण शून्य द्रावणाचा, म्हणजे इंटरफेरॉन नसलेल्या प्रमाणद्रावणाचा, रंग ०.१५ च्या वर गेला की ती प्लेट फेकून पुन्हा लावायची. ‘या वेळी चालवून घेऊ’ म्हणायचं नाही. प्लाझ्मा शिल्लक असतो, पुन्हा लावता येतं. तेवढी चैन पहिल्या टप्प्यात नसते.

यावर पहिला आक्षेप येतो तो स्वस्ताईचा. मांटू स्वस्त आहे, आणि ईसॅट-६, सीएफपी-१० वरच बेतलेली साय-टीबी ही त्वचेची तपासणीही आता भारतात तयार होते. बरोबर आहे. जिथे माणूस तीन दिवसांनी पुन्हा भेटतो तिथे साय-टीबीच वापरावी. लॅब नको, इन्क्युबेटर नको. पण ती सुई टोचल्यानंतर ४८ ते ७२ तासांत कोणीतरी हातावरची गाठ पट्टीने मोजावी लागते. दिवाळीनंतर अक्राणी आणि अक्कलकुव्यातली घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. आज गाडीत बसणाऱ्या माणसाला परवा या म्हणणं हा विनोद आहे. त्याच्यासाठी एकदाच घेतलेलं चार मिलिलिटर रक्त कामाचं, निकाल त्याच्या मागोमाग फोनवर जाऊ शकतो. दोन्ही तपासण्या हव्यात. कुठली कुणाला, हे ठरवताना वय जितकं पाहतो तितकीच स्थलांतराची तारीख पाहावी.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातल्या १५ वर्षांवरच्या दर दहांपैकी सुमारे तिघांमध्ये क्षयाचा संसर्ग आढळला. म्हणजे टीबी गोल्ड पॉझिटिव्ह येणं ही आपल्याकडे सामान्य गोष्ट आहे. ही तपासणी सुप्त संसर्ग आणि चालू आजार यांतला फरक सांगत नाही. आजाराच्या निदानासाठी ती वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच आपल्यासारख्या देशांना सांगितलं. तरी खासगीत अंगात कणकण असली की टीबी गोल्ड, मानेत गाठ आली की टीबी गोल्ड, मूल राहत नाही म्हणून टीबी गोल्ड, आणि पॉझिटिव्ह दिसलं की सहा महिन्यांची एकेटी, म्हणजे क्षयाची पूर्ण औषधं. हे चूक आहे, स्पष्ट शब्दांत चूक. सरकारने तपासणी फुकट केली आणि मागणीपत्रावर ‘कशासाठी’ हा रकाना ठेवला नाही तर हीच चूक सरकारी पैशाने होईल. तिची जागा एकच: घरातला संपर्क, एचआयव्ही, डायलिसिस, किंवा प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू होण्याआधीचा रुग्ण, आणि तेही खोकला, ताप, एक्स-रे पाहून चालू आजार नाही हे ठरल्यावर, प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या का एवढ्यापुरती. पाच वर्षांखालच्या संपर्कातल्या मुलाला तर, चालू आजार नाही एवढं पाहून, टीबी गोल्डची वाट न पाहता गोळ्या द्यायच्या असतात.

आणि रिपोर्टवर चारही आकडे छापा. आज अनेकांच्या हातात एक शब्द पडतो. घरचे विचारतात, “रिपोर्टमा काय निंघनं?” आणि उत्तर असतं पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह. ०.३६ आणि ८.२ या दोन्हींना एकच शब्द. ०.३५ च्या आजूबाजूचा, साधारण ०.२ ते ०.७ पर्यंतचा आकडा त्याच माणसाच्या दुसऱ्या रक्तात उलटू शकतो, हे डॉक्टरला दिसलं पाहिजे. निलचा आकडा ८ च्या वर असेल तर नमुनाच संशयास्पद. मायटोजेन जेमतेम असेल तर पेशी थकलेल्या होत्या, मग ते कुपोषण असो, वय असो की रस्त्यातलं ऊन. चार आकडे, आणि शेजारी दोन वेळा: रक्त काढल्याची आणि इन्क्युबेटरमध्ये ठेवल्याची. कंत्राटात एवढी एक अट घातली तरी निम्मी गडबड आपोआप उघडी पडेल.

नव्या वैद्यकीय महाविद्यालयांसाठी फ्लो सायटोमीटर मागण्याची एक टूम आहे, तिच्याबद्दलही बोलायला हवं. एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन तिच्यावरचे रंग वाचणारं हे यंत्र. सुंदर आहे यात वाद नाही. इंटरफेरॉन किती बनलं यापुढे जाऊन ते कोणत्या पेशीने बनवलं हे तेच दाखवतं. पण त्यामागचं काम पाहा. फायकॉल या दाट द्रावणावर रक्तातून वेगळ्या केलेल्या दहा लाख पांढऱ्या पेशी घ्यायच्या, त्यांना टीबीच्या तुकड्यांबरोबर ३७ अंशांत ठेवायचं, दोन तासांनी ब्रेफेल्डिन घालायचं म्हणजे बनलेलं सायटोकाइन पेशीबाहेर न जाता आतच अडकून राहतं, आणखी चार तास थांबायचं. ब्रेफेल्डिन विषारी आहे. रात्रभर विसरलं तर सकाळी मेलेल्या पेशी वाचत बसा. मग मेलेल्या ओळखणारा रंग, पेशीच्या पृष्ठभागावरच्या खुणांना चिकटणाऱ्या प्रतिपिंडांचे रंग, फॉर्मल्डिहाइडने स्थिर करणं, सॅपोनिनने पेशीच्या भिंतीला भोकं पाडणं, आणि आतल्या सायटोकाइनला रंग. इथे हमखास होणारी चूक अशी की आतला रंग देताना किंवा नंतरच्या धुणीत साधं बफर वापरतात. सॅपोनिनची भोकं कायमची नसतात, ते काढलं की भिंत पुन्हा मिटते; रंग आत जात नाही, किंवा आत गेलेला जादा रंग बाहेर येत नाही आणि सगळंच चमकतं. इतकं करून टीबी ओळखणाऱ्या पेशी हजारात एखादी. एक लाख सीडी-४ पेशी (टी-पेशींचा एक प्रकार) वाचल्या तर शंभरही हाताला लागत नाहीत, आणि एक रंग वगळून केलेला तुलनेचा नमुना नसेल तर ते शंभर खरे की रंगांची सांडलवंड, हे सांगता येत नाही. जोडरंगाचे, म्हणजे दोन रंगद्रव्यं जोडून केलेल्या रंगाचे, प्रतिपिंड उन्हाने आणि उजेडाने तुटतात. पीई आणि साय-७ यांचा जोडरंग तुटला की त्याचा उजेड नुसत्या पीईच्या घरात जाऊन बसतो आणि नसलेलं सायटोकाइन दिसू लागतं. ज्या इमारतीत फ्रिजला जनरेटरची जोड नाही तिथे हे यंत्र प्लास्टिकच्या आवरणाखाली वर्षं काढेल. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात जीवशास्त्राचे विभाग आहेत, तिथल्या संशोधनासाठी एक यंत्र तिन्ही जिल्ह्यांना मिळून जरूर असावं. रुग्णसेवेच्या यादीत ते पहिल्या नंबरावर नको.

मधला रस्ता म्हणून इलिस्पॉट सुचवला जातो: खड्ड्यात अडीच लाख पेशी, रात्रभर इन्क्युबेटर, आणि प्रत्येक इंटरफेरॉन सोडणाऱ्या पेशीखाली एक ठिपका. पण सातपुड्याच्या पायथ्याशी त्याची एक खास अडचण आहे. भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल आहे. सिकलसेलच्या रुग्णात नव्या, अपक्व लाल पेशी जास्त आणि हलक्या; फायकॉलवर त्या खाली न बसता पांढऱ्या पेशींच्या थरात येतात. मोजणाऱ्याला अडीच लाख दिसतात, त्यात लिम्फोसाइट कितीतरी कमी. ठिपके कमी पडतात आणि निकाल खोटा निगेटिव्ह. लाल पेशी फोडून, पुन्हा धुऊन, पुन्हा मोजलं तर हे टळतं, पण ते करायला हात आणि वेळ दोन्ही लागतात. अख्ख्या रक्तावर चालणाऱ्या चार नळ्या इथे जास्त माफक आणि जास्त प्रामाणिक आहेत.

त्यांनाही हा भूगोल आडवा येतोच. नळ्यांमधली पोकळी समुद्रसपाटीपासून सुमारे ८१० मीटरपर्यंतच्या हवेसाठी बेतलेली असते. तोरणमाळ १,१०० मीटरच्या वर आहे. तिथे हवेचा दाब कमी, त्यामुळे नळी मिलिलिटरभर रक्त ओढतच नाही, आणि नवी सिस्टर समजते की शीर नीट मिळाली नाही. उंचीसाठी वेगळ्या नळ्या मिळतात. त्या नसतील तर सिरिंजने रक्त काढायचं, सुई काढून टाकायची, आणि बूच उघडून प्रत्येक नळीत मोजून १ मिलिलिटर सोडायचं.

आणि वीज. इन्क्युबेटरला इन्व्हर्टर हवाच, शिवाय रात्रभराचं तापमान लिहून ठेवणारा छोटा लॉगर. पहाटे दोन तास वीज गेली होती हे सकाळी ३७ दाखवणारा आकडा सांगत नाही. बाजाराच्या दिवशी रक्त घेणं सोयीचं, लोक खाली उतरलेले असतात. पण तो बाजार शनिवारचा असेल तर नळ्या रविवारी सकाळी १६ तासांनंतर आणि २४ तासांच्या आत बाहेर काढायला कोण येणार, त्याचं नाव शनिवारी पहिली सुई टोचण्याआधी फळ्यावर लिहिलेलं असलं पाहिजे.